दूध आणि दुधासारखें

हल्लीं कल्याण, ठाणें व मुंबई येथील दुकानांत सोयाबीन, बदाम, ओट, तांदूळ इत्यादि पदार्थांपासून केलेलीं पांढरीं पेयें कागदी खोक्यांत भरून विकावयास मांडलेलीं असतात. कसाऱ्याहून पहांटेच्या लोकलनें नोकरीस जाणारी आमच्या तालुक्यांतील तरुण मंडळी तीं खोकीं घरीं आणूं लागली आहे. त्यामुळें खर्डी, डोळखांब, किन्हवली व मुरबाडकडील धसई, टोकावडें ह्या बाजूंच्या सभासदांकडून गेल्या वर्षभरांत एकाच अर्थाची विचारणा निरनिराळ्या शब्दांनीं आमच्याकडे झाली. कोणी विचारतो, हें पेय मुलांस दुधाऐवजीं द्यावें काय? कोणी विचारतो, दुधानें पोट बिघडतें तर हें घ्यावें काय? आणि ज्यांच्या गोठ्यांत दोन म्हशी आहेत ते ताकास जाऊन भांडें लपवावें तसे हळूच विचारतात कीं, "शहरांत ह्याचा खप किती आहे हो?" ह्या तिन्ही प्रश्नांचा विचार एकत्र करणें सोयीचें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

आम्ही वैद्य नव्हों व दुग्धशास्त्राचे पदवीधरही नव्हों. महसूल खात्यांत पीकपाहणी व पैसेवारी यांचे कागद लिहितां लिहितां आमची नोकरी संपली. तेव्हां कोणतीही वस्तु रकाने पाडून मांडल्यावांचून तिची किंमत आम्हांस कळत नाहीं. येवढेंच आमचें भांडवल.

प्रथम नांवाविषयीं. आपल्या देशांतील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणें दूध म्हणजे निरोगी दुभत्या जनावराचें पूर्ण दोहन करून मिळालेलें, ज्यांत कांहीं घातलें नाहीं व ज्यांतून कांहीं काढिलें नाहीं तें. वनस्पतींच्या पेयांस 'दूध' हें नांव लावून विकण्यास मनाई आहे, व २०२१ च्या सप्टेंबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें त्याबद्दल आदेशही काढिला. नारळाचें दूध हें नांव मात्र पूर्वापार चालत आलेलें असल्यामुळें त्यास सूट आहे. आमच्या कोंकणांतील गृहिणीस हा नियम ठाऊक असण्याचें कारण नव्हतें; तरीही सोलकढीसाठीं काढलेलें नारळाचें दूध तिनें मुलाच्या वाटींत कधीं ओतलें नाहीं कीं त्याचें दहीं लावावयास बसली नाहीं. नांव एक असलें तरी काम निराळें, हें ती जाणून होती. ग्यानबाची मेख येथेंच आहे. पांढरेपणा कशांतही आणतां येतो. ती वस्तु आपल्या कोणत्या कामीं येणार, हें पाहावयाचें.

आतां रकाने मांडूं. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधांत सुमारें ३.५ ते ४ ग्रॅम प्रथिनें, ६ ते ७ ग्रॅम स्निग्धांश व १२० मिलिग्रॅमच्या आसपास चुन्याचा अंश, म्हणजे ज्यास कॅल्शियम म्हणतात तो, असतो. गाईच्या दुधांत प्रथिनें सव्वातीन ग्रॅम, स्निग्धांश ४ ग्रॅमच्या पुढेंमागें, व चुना जवळ जवळ तितकाच. सोयाबीनचें पेय पुरेसें घट्ट केलेलें असेल तर त्यांत प्रथिनें ३ ग्रॅमपर्यंत भरतात; म्हणजे ह्या एका बाबतींत तें गाईच्या दुधाच्या पंगतीस बसूं शकतें. ओटच्या पेयांत प्रथिनें १ ग्रॅमच्या सुमारास. बदामाच्या पेयांत बहुधा त्याहूनही कमी, आणि तांदळाच्या पेयांत तर नांवापुरतींच. बदामाचें नांव ऐकून पुष्कळांचा गैरसमज होतो. खोक्यावरील बारीक अक्षरें वाचलीं तर त्यांत बदाम शेंकडा दोन-तीन भागच असल्याचें बहुधा आढळतें. म्हणजे लिटरभर पेयांत वीस-पंचवीस बदामांचा जीव, आणि बाकी पाणी! तितकेच बदाम रात्रीं भिजत घालून सकाळीं चावून खाल्ले तर चोथाही पोटांत जातो व खोकेंही वांचतें.

चुन्याचा अंश ह्या पेयांत बहुतकरून बाहेरून घातलेला असतो, व तो तळाशीं बसतो. खोकें नीट न हलवितां वरचें ओतून घेणाऱ्यास तो मिळत नाहीं. ब-१२ नांवाचें जें जीवनसत्त्व रक्त व मज्जा यांस अवश्य आहे तें धान्यांत किंवा कडधान्यांत नसतें. दूध, अंडीं, मासळी व मांस यांतून तें मिळतें. पेयांत घातलें असेल तर खोक्यावर तसें लिहिलेलें असतें. लिहिलें नसेल तर नाहीं असेंच समजावें. साखर किती घातली आहे तेंही त्याच जागीं वाचावयास मिळतें, आणि तें वाचल्यावर कित्येकांचा उत्साह मावळतो.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, पिशवींतील दूध तरी कोठें निव्वळ दूध असतें? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईंत दुधाची फार ओढ पडली, तेव्हां म्हशीच्या दाट दुधांत लोणी काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळून 'टोन्ड' दूध करण्याची रीत दारा खुरोडी यांनीं पाडली. हेच खुरोडी पुढें मुंबईचे दुग्ध आयुक्त म्हणून प्रसिद्धीस आले, शहरांतील गोठे हालविण्यासाठीं १९४९ सालीं गोरेगांवाजवळ आरे दुग्ध वसाहत त्यांच्याच देखरेखीखालीं निघाली, व १९६३ सालीं त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन यांच्या बरोबरीनें त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. टोन्ड दुधांत स्निग्धांश शेंकडा ३ व इतर घनांश साडेआठ असावा असा नियम आहे. म्हणजे तूप कमी झालें तरी प्रथिनें व चुना फारसा हटत नाहीं, आणि किंमत उतरते. ह्यांत लपवाछपवी नाहीं. पिशवीवर सर्व छापलेलें असतें. लपवाछपवी होते ती उघड्या कॅनांत. दुधांत पाणी घालून तें पातळ दिसूं नये म्हणून पिठूळ पदार्थ मिसळण्याची खोड जुनी आहे. उकळून निवविलेल्या थोड्या दुधांत टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावे. निळा रंग आला तर दूधवाल्यास उद्यांपासून येऊं नको म्हणून सांगण्यास हरकत नाहीं.

आतां ज्यांस दूध सोसत नाहीं त्यांचा प्रश्न. दुधांत एक साखर असते, तीस दुग्धशर्करा म्हणतात. ती पचविणारा रस लहानपणीं आंतड्यांत भरपूर असतो. पुढें कित्येकांच्या बाबतींत तो कमी होत जातो. मग पेलाभर दूध घेतल्यावर पोट फुगणें, गुरगुरणें, ढाळ लागणें असे प्रकार होतात. जगांतील बहुसंख्य प्रौढ माणसांचें थोडेंबहुत असेंच आहे, तेव्हां ह्यांत रोग मानून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो, त्याप्रमाणें हे लोक दह्या-ताकासही रजा देतात. आणि तेथेंच चुकतात. विरजण लागतें तेव्हां त्यांतील सूक्ष्म जंतु दुग्धशर्करेचा बराच भाग खाऊन टाकितात, व जिवंत जंतु पोटांत जाऊन उरलेली साखर पचविण्यास मदत करितात. म्हणून ज्यास पेलाभर दूध सोसत नाहीं त्यास वाटीभर दहीं बहुधा सोसतें. अगोदर दहीं-ताक महिनाभर घेऊन पाहावें, दूध घ्यावयाचेंच असेल तर जेवणाबरोबर थोडें घ्यावें, आणि तरीही त्रास होत असेल तरच खोक्याकडे वळावें. ह्यास एक अपवाद आहे. कित्येक लहान मुलांस दुधांतील प्रथिनांचेंच वावडें असतें. दूध पोटांत जातांच अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात किंवा शौचांतून रक्त पडतें. तेथें दहीं-ताकाचा उपाय चालत नाहीं, आणि घरगुती प्रयोग तर मुळींच करूं नये, डॉक्टरांकडे जावें.

वनस्पतींतून दुधाचा प्रतिनिधि शोधण्याची खटपट नवी आहे असें नाहीं. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध वर्ज्य केलें. पुढें ते मोठ्या दुखण्यानें अंथरुणास खिळले, अंग भरून येईना, तेव्हां १९१९ च्या आरंभीं मुंबईंत डॉक्टरांचा आग्रह व कस्तुरबांची सूचना ह्यांमुळें ते शेळीचें दूध घेऊं लागले. व्रत घेतेवेळीं मनांत गाय व म्हैस होती, शेळी नव्हती, असा त्यांनीं त्यांतून मार्ग काढिला. पण तो आपल्या मनास लागून राहिला असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत त्यांनीं सोयाबीन आहारांत घालून पाहण्याचा प्रयोग चालविला होता. आज महाराष्ट्रांत सोयाबीनचें पीक सर्वत्र पसरलेलें पाहून त्या वेळच्या मंडळीस नवल वाटलें असतें. इतक्या निग्रही माणसासही शेवटीं शेळीपाशीं यावें लागलें, ही गोष्ट दुधाच्या विरोधकांनीं व कैवाऱ्यांनींही ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मुलांच्या बाबतींत मात्र आम्हांस स्पष्ट लिहिणें भाग आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज दुसरें कांहीं नको. वर्ष पुरें होईपर्यंत गाई-म्हशीचें दूधही मुख्य अन्न म्हणून नको, तर वनस्पतीचें पेय कोठून? वर्षानंतर वाढीच्या वयांत बदाम, ओट किंवा तांदूळ यांचें पेय दुधाच्या जागीं देणें म्हणजे मुलास पांढरें पाणी पाजणें होय. अमेरिकेंत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय वृत्तांतांत, तांदळाच्या पेयावर वाढविलेल्या एका लहान मुलास प्रथिनांच्या अभावीं होणारा सुजेचा रोग झाल्याची नोंद आहे. तो रोग दुष्काळांतील मुलांस व्हावयाचा. तें घर उपाशी नव्हतें, केवळ खोक्यावर विश्वासलें होतें.

आमच्या भागांतील मुलें खोक्यांमुळें उपाशी राहतात असें म्हणणें हास्यास्पद होईल. येथें होतें तें निराळेंच. ज्या घरीं म्हैस आहे त्या घरचें दूध पहांटे पांचास कॅनांत भरून गाडीवर चढतें, आणि घरांतील मुलांच्या वांट्यास काळपट चहा व बिस्किटाचा पुडा येतो. हें आम्हीं तालुक्यांत पीकपाहणीस हिंडतांना एक-दोन नव्हे, पुष्कळ घरीं पाहिलें. दूध विकूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. त्याच पैशांवर पेंड येते व सोसायटीचा हप्ता फिटतो. पण कॅनावर झांकण बसण्यापूर्वीं मुलामागें पावशेर दूध काढून ठेवावें. दोन मुलांचें अर्धा लिटर धरिलें तर रोजच्या प्राप्तींत पंचवीस-तीस रुपयांची तूट येईल; बिस्किटाचे पुडे बंद झाले म्हणजे तींतील कांहीं भरूनही निघेल. ज्यांच्याकडे जनावर नाहीं, अशा ठाकूर, कातकरी व महादेव कोळी वाड्यांतील मुलांसाठीं दुधाचा आग्रह धरून उपयोग नाहीं. २०१५ सालापासून आदिवासी क्षेत्रांत सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेंत गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडींत एक वेळचें जेवण, व पुढें लहान मुलांस अंडें किंवा केळें देण्याची तजवीज झाली, ती आम्हांस शहाणपणाची वाटते. अंड्यांत पाणी घालतां येत नाहीं! आठवड्याच्या बाजारांत मिळणारा सुका जवळा किंवा बारीक सुकट जे खातात त्यांस चुनाही मिळतो व ब-१२ ही. शाकाहारी वाचकांनीं ह्या दोन वाक्यांबद्दल क्षमा करावी.

आतां पैशाचा रकाना. भाव रोज बदलतात. म्हणून पुढील आंकडे केवळ तुलनेसाठीं धरलेले आहेत, वाचकांनीं आपल्या गांवचे भाव घालून बेरीज करावी. म्हशीचें दूध लिटरास ८० रुपये धरिलें तर त्यांतील एक ग्रॅम प्रथिनास दोन रुपयांहून किंचित् अधिक पडतात. दुकानांतील सोयाबीनचें पेय १५० रुपये लिटर धरिलें तर एक ग्रॅमास पांच रुपये. बदामाचें पेय २५० रुपये धरिलें तर तीस-पस्तीस रुपये! उलट तुरीची डाळ १३० रुपये किलो असतांही एक ग्रॅम प्रथिन साठ पैशांत मिळतें. आणि सोयाबीनचा दाणा ८० रुपये किलोनें आणून घरीं पेय केलें तर तीस-पस्तीस पैसे, जळण वेगळें. सोयाबीनचा आधारभाव २०२५-२६ च्या हंगामाकरितां क्विंटलास ५,३२८ रुपये ठरला होता. कसारा घाट चढून नाशिक जिल्ह्यांत गेलें म्हणजे तें शेतांतच उभें दिसतें. तेंच खोक्यांत बसून घाट उतरलें म्हणजे किती महाग होतें, तें वरील हिशेबावरून दिसेल.

गोठेवाल्यांच्या प्रश्नाचें उत्तर ह्यांतच आलें. ज्या वस्तूचें एक ग्रॅम प्रथिन पंधरापट महाग आहे ती चहाच्या टपरीवरील दूध बंद पाडील ही भीति बाळगण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. म्हशीस भिण्यासारखें दुसरें आहे, तें म्हणजे चैत्र-वैशाखांतील पाणी. तानसा व भातसा हीं मुंबईस पाणी पाजणारीं धरणें आमच्याच शहापूर तालुक्यांत. आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्याही ह्याच तालुक्यांत. दुभत्या म्हशीस उन्हाळ्यांत दिवसास साठ-सत्तर लिटर पाणी नुसतें प्यावयास लागतें, धुण्या-डुंबण्याचें निराळें. टँकरच्या पाण्यावर म्हैस राखणाऱ्यानें दुधाचा भाव पाहण्यापूर्वीं विहिरीचा तळ पाहावा.

डांगी गाय येथील पावसास बनविलेली आहे. तिच्या कातडीवर तेलकट द्रव सुटत असल्यामुळें भातलावणीच्या धारांत ती सर्दावत नाहीं. पण तिचें दूध थोडें, वेतास सरासरीनें पांचशें लिटरच्या आसपास, आणि त्यांतही वासराचा वांटा आहे. म्हशाच्या यात्रेंत पौषी पौर्णिमेस जो बाजार भरतो तेथें डांगी बैलासाठीं गिऱ्हाईक असतें, दुधासाठीं नसतें. तेव्हां डांगी पाळणाऱ्यानें दूध विकण्याचा हिशेब न मांडतां घरापुरत्या दूध-ताकाचा, शेणखताचा व बैलजोडीचा हिशेब मांडावा. तो बहुधा जुळतो.

राहिली आमची वरकस जमीन. सातबाऱ्यावर वरकस म्हणून लागलेल्या उतारावर नागली व वरई होते, खुरासणी होते. नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यांत ३४० ते ३६० मिलिग्रॅम चुना असतो. इतर कोणत्याही नित्याच्या धान्यांत इतका नाहीं. परंतु तो मुख्यत्वें दाण्याच्या तांबड्या सालींत असतो. मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करितांना वाटलेला रस फडक्यांतून गाळून पांढरा सांका घेण्याची जी रीत आहे तींत हा चुना चोथ्याबरोबर उकिरड्यावर जातो. सत्त्व आजाऱ्यास पचावयास हलकें, ह्यांत वाद नाहीं. पण चालत्या-फिरत्या मुलास मोड आणलेल्या नागलीचें सालीसकट बारीक दळलेलें पीठच द्यावें. मोड आणल्यानें चुना अंगीं लागण्यास मदत होते. एका वाटीस ३० ग्रॅम पीठ धरून आंबील केली व ती ताकांत कालविली तर चुन्याच्या बाबतींत ती वाटीभर दुधास जड जाणार नाहीं. ताक नसेल तर नागलीबरोबर भाजलेल्या तिळाची किंवा शेंगदाण्याची पूड घालावी. शेंगदाणे मात्र निवडून घ्यावे. आमच्या दमट हवेंत पावसाळ्यानंतर त्यांस बुरशी धरते, व त्या बुरशीचें विष शिजविल्यानेंही जात नाहीं. काळा, सुरकुतलेला किंवा कडवट दाणा फेंकून द्यावा. कोंबड्यांपुढेंही टाकूं नये.

ज्यांस दूध खरोखर वर्ज्य आहे त्यांनीं सोयाबीनचें पेय घरीं करावें. पावकिलो स्वच्छ दाणा आठ-दहा तास भिजत घालावा, उन्हाळ्यांत सहा तास पुरेत. चोळून सालें काढावीं, पाणी फेंकून द्यावें, आणि दाणा उकळत्या पाण्यांत पांच मिनिटें ठेवून गरम पाण्यांतच वाटावा. थंड पाण्यांत वाटल्यास कच्च्या शेंगेसारखा उग्र दर्प येतो व मुलें तोंड फिरवितात. एकंदर दीड ते दोन लिटर पाणी घालून फडक्यानें गाळावें, व रस पंधरा-वीस मिनिटें मंद आंचेवर ढवळीत उकळावा. ही उकळी चुकवूं नये. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनें पचूं न देणारें एक द्रव्य असतें, तें तिनेंच नष्ट होतें. फेंस फार येतो, म्हणून पातेलें मोठें घ्यावें. झालेलें पेय त्याच दिवशीं संपवावें. उरलेला चोथा थालीपिठांत मळतां येतो. अधिक झाला तर शिजवून म्हशीच्या आंबोणांत घालावा.